‘सरकारचं पोरगं’ घरी आणताना

आमच्या घरी एक मुलगा एक वर्ष आठ महिने राहून गेला. आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचं नाव, गाव आणि आमचा जिल्हासुद्धा इथे लिहीत नाही. विदर्भातल्या अकरांपैकी एक, एवढं पुरे. एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. का, ते पुढे येईल. तो गेल्यापासून आजूबाजूच्या गावांतून कोणी ना कोणी येऊन ओट्यावर बसतं, चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलतं आणि मग विचारतं, “आमाले ठेवता येते का हो असं एखांदं लेकरू?” दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

कागदावर याला ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात. ऑफिसात सगळे ‘फोस्टर’ म्हणतात. आमच्या गल्लीत ‘सरकारचं पोरगं’ म्हणायचे. तिन्ही शब्द कानावर पडतील, गोंधळू नका.

आधी स्वतःला विचारा, हवंय काय

ओट्यावर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर दत्तक हवं असतं, तेही तान्हं बाळ. त्यांना मी तिथेच थांबवते. दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं तुमचं होतं. आडनाव तुमचं, वारसा तुमचा. इथे तसं काही होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांचं कुठे राहायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती, ते मूल ठरावीक मुदतीसाठी तुमच्या घरी ठेवते. त्याचं आडनाव, त्याची जात, बापाच्या वावरातला त्याचा हिस्सा सगळं त्याच्याकडेच राहतं. तुमच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही, आणि म्हातारपणी तो तुम्हाला बघेल असं कुठे लिहून मिळत नाही. त्याच्या घरची घडी बसली की तो परत जातो. नाहीच बसली, तर अठरा वर्षांचा होईपर्यंत मुदत वाढत जाऊ शकते.

“मंग आपल्याले काय भेटते?” असं एकानं सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, काम भेटते.

दुसरे येतात ते म्हणजे ज्यांच्या घरात नात्यातली मुलं आधीच आहेत. भाऊ गेला, वहिनीनं दुसरं घर केलं, दोन लेकरं आजीपाशी. आपल्याकडे अशी घरं शोधावी लागत नाहीत. त्यांनी हा लेख पुढे वाचण्यापेक्षा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन बालसंगोपन योजनेचा अर्ज मागावा. तिचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. त्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अनाथ मुलांनाच मिळतात असंही नाही. एक पालक असलेल्या, आईबाप दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या मुलांनाही अर्ज करता येतो. आमच्याच गावात एका म्हातारीनं चार वर्षं नुसत्या रेशनवर दोन नाती वाढवल्या, कारण तिला हे कोणी सांगितलंच नाही. पोलीस पाटील रोज तिच्या दारावरून जायचे. मीही जायची.

तिसरी गोष्ट रागावून सांगते. कुणी परस्पर मूल आणून देत असेल, दवाखान्यातून, वीटभट्टीवरून, ‘तिची माय देऊन राहिली, घेऊन टाका’ म्हणत, तर हात लावू नका. कायदेशीर वाट सोडून दत्तक म्हणून मूल दिलं किंवा घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे देऊन घेतलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. एखादं मूल एकटं सापडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चोवीस तासांच्या आत ही खबर जायलाच हवी. न सांगणं हासुद्धा गुन्हा आहे.

घरं का मिळत नाहीत

तान्ह्या बाळासाठी देशात मोठी रांग आहे. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, गेल्या कित्येक वर्षांतला हा मोठा आकडा, तरीही वाट पाहणारे आईबाप तीनतीन वर्षं थांबतात. दहा वर्षांच्या मुलासाठी मात्र रांग नाही. प्रतिपालकत्वात येणारी मुलं सहा वर्षांच्या पुढचीच असतात. कुणाची आई आहे पण आजारी, कुणाचा बाप आहे पण दारूत बुडालेला, कुणाचं कोणीच नाही पण वय वाढलं किंवा पायात व्यंग म्हणून दत्तक कोणी नेलं नाही. ज्यांचे आईबाप जिवंत आहेत आणि ज्यांनी हक्क सोडलेला नाही, त्यांना दत्तक देताही येत नाही. अशी मुलं बालगृहात राहतात आणि तिथेच चौथीची सातवी होते.

आपल्या भागात लोकांना माया नाही, असं मला वाटत नाही. पाहुण्याचं पोरगं शाळेसाठी वर्षानुवर्षं ठेवून घेणारी गावं ही. पण अनोळखी लेकरू म्हटलं की तीन वाक्यं ठरलेली. “मोठं झालेलं लेकरू लळा नाही लावत.” “जीव लावाचा आन् मंग सरकार घेऊन जाईन.” आणि तिसरं दबक्या आवाजात: “कोन्या जातीचं असते?”

पहिलं वाक्य खोटं आहे. दुसरं खरं आहे आणि त्याची तयारी करावी लागते. तिसरं ज्याच्या तोंडी आधी येतं त्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या घरात मुलाचं ताट वेगळं पडायला वेळ लागणार नाही.

कोणाला घेता येतं

२०२४ मध्ये केंद्र सरकारनं नवी नियमावली आणली, त्यानंतर दार बरंच मोठं झालं. नवराबायको असाल तर लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. एकट्या माणसालाही घेता येतं: अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा कायद्यानं विभक्त, वय ३५ ते ६०. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा मिळतो. बाईला मुलगा-मुलगी दोन्ही. हे मुद्दाम ठळक सांगते, कारण आपल्याकडे नवरा गेल्यावर पाचसहा एकर एकटीनं ओढणाऱ्या बाया गावोगाव आहेत, आणि त्यांना वाटतं की आपल्यासारखीला सरकार लेकरू देणार नाही. देतं.

याच नियमावलीत असंही आहे की मूल दोन वर्षं तुमच्याकडे राहिलं आणि ते दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असेल, तर तुम्हाला त्याला दत्तक घेता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. पण हे डोक्यात धरून सुरुवात करू नका. प्रत्येक भेटीला त्याची माय आली की तुमच्या पोटात गोळा येईल, आणि तो त्याला दिसेल.

कागद

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, बहुधा महिला व बालविकासच्याच इमारतीत. तिथे जा. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर ऑनलाइन होते, घरी इंटरनेट नीट चालत नसेल तर कक्षातच मदत मागा, त्यांचं ते काम आहे. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, रहिवासी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी, सरकारी दवाखान्याचं दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं. लग्नाची नोंद अनेकांकडे नसते, आमच्याकडेही नव्हती. ग्रामपंचायतीत आधी ती करून घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडतं.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणि दिल्याची पोच. आमची फाइल एकदा हरवली. हरवली म्हणजे कपाटावर सापडली, दोन महिन्यांनी.

घर बघायला येतात तेव्हा

समाजकार्यकर्ते घरी येतात, दोघांशी वेगवेगळं बोलतात, घरातल्या मुलांशी बोलतात, शेजाऱ्यांकडेही विचारपूस करतात. याला गृहअभ्यास म्हणतात. त्या दिवशी घर रंगवू नका. आमचं घर कवेलूचं, दोन खोल्या आणि पडवी. स्वतंत्र खोली नाही म्हणून अडलं नाही. खाट वेगळी आणि कपाटातला एक कप्पा वेगळा, एवढं दाखवलं. संडास, पिण्याचं पाणी, शाळा किती दूर, रात्री लाइट गेल्यावर काय, हे विचारलं.

एक गोष्ट त्यांनी विचारली नाही, ती मी सांगते. फवारणीची औषधं घरातून काढा. आपल्याकडे डबे पडवीत, माळ्यावर, कधी धान्याच्या कोठीमागे असतात. मूल कोणत्या घरातून येतंय ते लक्षात घ्या. आमच्याकडचा मुलगा तिसऱ्या दिवशी पडवीच्या दारात थांबला आणि आत येईना. पंप धुऊन टांगला होता, डबा कुठेच नव्हता, नुसता वास होता. त्याचा बाप कसा गेला ते आम्हाला मिळालेल्या कागदात एका ओळीत लिहिलेलं होतं. काय पिऊन गेला ते नव्हतं. ते त्या दारात कळलं. त्याच संध्याकाळी यांनी पंप, डबे, हातमोजे सगळं वावरातल्या झोपडीत नेऊन पेटीला कुलूप लावलं. फवारून आले की आंघोळ विहिरीवर, कपडे बदलून मगच घरी. वर्षभर हा नेम पाळला.

समितीपुढे

बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. म्हणून लोक कोर्टात गेल्यासारखे घाबरतात. तसं काही नाही, खुर्च्या टाकून बोलतात. मुलालाही विचारतात, या घरी जाशील का म्हणून. त्याची इच्छा बघतात. तारखा मात्र पुढे जातात. आमची दोनदा गेली, तीही सोयाबीनच्या मळणीत.

विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. शेवटची शाळा कोणती, कोणता आजार, कोणत्या गोळ्या, सिकलसेलची (रक्तातल्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का, भेटायला कोण येतं, कशाला घाबरतं, मूळ कागद कोणाकडे आहेत. आणि भावंडं किती, कुठे आहेत. मी वही नेली नाही आणि नेमका हाच प्रश्न राहिला. तीन आठवड्यांनी रात्री भांडी घासताना तो शेजारी येऊन म्हणाला, “काकू, माही बहीन कवा येनार?” मला बहीण आहे हेच माहीत नव्हतं. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं. सात वर्षांची बहीण दुसऱ्या संस्थेत होती. त्याला वाटत होतं की आम्ही आधी त्याला आणलं आणि मग गाडी तिला आणायला गेली. तीन आठवडे तो गाडीची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी समितीला अर्ज दिला. परवानगी मिळाली, दर रविवारी फोन आणि महिन्याला एक भेट. भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत असंच धोरण आहे; पण कागद दोन संस्थांत वाटले गेले की ते कोणाच्या लक्षातच राहत नाही. तुमच्यात दोघं सांभाळायची ताकद असेल तर सुरुवातीलाच सांगा. भावंडांना घर मिळणं सगळ्यात कठीण.

आदेश हातात आला की मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या महिनाभर आधी द्या.

पहिले दिवस

लोक विचारतात, रडला का? नाही रडला. फार शहाण्यासारखा वागला, आणि मला त्याचंच भ्या वाटलं.

तो पाणी विचारून प्यायचा. माठ पडवीत, गडवा त्यावर पालथा, घरातलं कुत्रंसुद्धा तिथे हक्कानं जातं. पण तो दर वेळी येऊन उभा राहायचा, “काकू, पानी पेऊ?” मी हो म्हटलं की जायचा. बालगृहात शंभर मुलांत शिस्त लागतेच, त्यात कोणाचा दोष नाही. मी पहिल्यांदा ‘विचारत काय बसतोस’ असं हसून म्हटलं, तर तो दिवसभर पाणीच प्यायला नाही. त्याला ते ओरडणं वाटलं. मग मी नुसतं ‘हो’ म्हणायला लागले, आणि जाता येता त्याच्यासमोर स्वतः मोठ्यानं म्हणायची, “पानी पेतो बाप्पा मी.” हेही म्हणायचे. घरात सगळे येड्यासारखे जाहीर करून पाणी पीत होतो. चार-साडेचार महिन्यांनी कधीतरी त्याचं विचारणं थांबलं. नक्की कोणत्या दिवशी ते मला आठवत नाही.

त्याची पिशवी भरलेलीच असायची. कपाटातला कप्पा दाखवला, तरी अंघोळ झाली की कपडे घडी करून परत पिशवीत. त्या पिशवीला हात लावू नका, कपडे तुम्ही कप्प्यात लावू नका. रिकामी करायची तेव्हा तोच करेल.

अंथरूण ओलं होईल. नऊ, अकरा, तेरा वर्षांच्या मुलांचंही होतं. चादर धुवायला टाकायची जागा दाखवून ठेवा, बोलू नका, आणि दोरीवर वाळत घालताना गल्लीकडून दिसणार नाही अशी घाला. चोरी होईल. आमच्याकडे गूळ जायचा, आणि भाकरी दप्तरात सापडायची, कडक झालेली. मी एक डबा त्याच्या नावानं केला, त्यात मुरमुरे, फुटाणे, गूळ. तो कधीही रिकामा होऊ दिला नाही.

काय हाक मारायची ते त्याला ठरवू द्या. आई म्हण, असं कधी म्हणू नका. त्याला आई आहे. नसली तरी होती.

‘कोनाचा बे तू?’

खेड्यात नवं पोरगं दिसलं की हा पहिला प्रश्न. शहरात दोन महिने शेजाऱ्याला कळणार नाही. इथे दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर चर्चा असते. म्हणून उत्तर आधीच ठरवा आणि मुलाला विचारून ठरवा. आमचं ठरलं ते असं: “काका-काकूच्या घरी राहतो, इथं शाळेत हाओ.” एवढंच. बापाचं, आईचं, बालगृहाचं कोणाला सांगायचं ते तो ठरवेल. आपण कौतुकानंही सांगायचं नाही.

तान्ह्या पोळ्याला याची परीक्षा झाली. यांनी सुताराकडून लाकडी बैल करून आणला, चाकांचा, शिंगांना बेगड. पोरं बैल ओढत घरोघर जातात, प्रत्येक दारी बोजारा मिळतो, ते तुम्हाला माहीतच आहे. तो चौथ्या घरातून परत आला. एका आजीनं पाच रुपये हातावर ठेवता ठेवता म्हटलं, “अनाथ हाय बिचारं, याले दहा द्या.” दहा रुपये ओट्यावर ठेवून तो बैल घेऊन आत गेला. आजीच्या मनात वाईट काही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन बसले, सांगितलं. पुढच्या वर्षी तिनं सगळ्यांना पाचपाच दिले.

आणि फोटो. वाढदिवसाचा, शाळेत पहिला आल्याचा, काही असो, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका, सरपंचालाही टाकू देऊ नका. या मुलांची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मी वर नाव-गाव लिहिलं नाही. पण शिक्षा बाजूला ठेवा. उद्या तो परत जाईल, पंचवीस वर्षांचा होईल, सोयरिकीची बोलणी चालू असतील. तेव्हा तुमचं ते स्टेटस कोणाच्या फोनमधून निघावं?

शाळा आणि दवाखाना

शाळेचा दाखला यायला वेळ लागतो. त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा हेही. ऑनलाइन नोंद जुन्या शाळेतून ट्रान्सफर होईपर्यंत मुख्याध्यापकांच्या मागे लागा. आईबापाचं नाव, आडनाव, जात मूळ कागदावर आहे तसंच. सोपं पडावं म्हणून ‘आपलं नाव टाकू’ असं कोणी सुचवलं तरी नको. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वारसा, सगळ्याला पुढे तीच नोंद लागते. मूल पूर्ण अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्राचं कार्यालयात विचारा. राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे.

गुरुजींना मात्र एकांतात भेटा. ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध द्यायच्या आधी त्यांना माहीत असलेलं बरं.

दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तर फारच. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. मूल नुसतं वाहक असेल तर सहसा त्रास नसतो. आजारच असेल तर पाणी भरपूर, थंडीत आणि उन्हात जपणं, फोलिक ॲसिडची गोळी रोज, आणि ताप आला किंवा हातपाय असह्य दुखायला लागले तर उद्या सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. ‘नाटक करून राहिला’ असं या दुखण्याला म्हणणारे लोक मी पाहिलेत. ते नाटक नसतं.

राबवायचं नाही, मारायचं नाही

कापूस फुटला तेव्हा त्यानं मला विचारलं, “काकू, किलोले किती देता?” नऊ वर्षांचं पोरगं. आईसोबत वेचणीला जायचं, ओटीत कापूस कसा भरायचा हे माझ्या मुलीपेक्षा त्याला चांगलं येत होतं. मी म्हटलं, तुला शाळा आहे. तो अस्वस्थ झाला. दोन दिवस जेवण कमी. तेव्हा लक्षात आलं की त्याच्या हिशेबानं भाकरीची किंमत द्यायची राहत होती. आम्ही त्याला कोंबड्यांना दाणे टाकायचं काम दिलं, आमच्या मुलीला भांडी, यांना झाडू. सगळ्यांना काम, म्हणून त्यालाही. वावरात मात्र मजूर म्हणून नेलं नाही. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. तरी नाही.

मारण्याबद्दल कायदा कडक आहेच, ताब्यातल्या मुलावर क्रौर्य केलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण ज्या मुलानं मार पाहिलाय त्याला आवाज चढला तरी तेच वाटतं. आमच्या यांचा आवाज मुळात मोठा, बैलांना हाकून हाकून झालेला. त्यांना तो बदलायला सगळ्यात जास्त कष्ट पडले.

समितीकडून महिन्याला तपासणी असते. त्या वेळी मुलाला एकटं बोलू द्या, तुम्ही चहा करायला उठा.

त्याची माय

हे सगळ्यात अवघड, आणि यावर कोणी आधी बोलत नाही. समितीनं परवानगी दिली की आई भेटायला येते. पहिल्यांदा आली तेव्हा ती आजारातून उठलेली, अंगावर हाडं. तिनं आमचं घर पाहिलं, त्याचे नवे बूट पाहिले आणि गप्प बसली. मी वाढलेलं तिला गिळेना. माझ्यामुळे तिला लाज वाटली, हे मला ती गेल्यावर कळलं.

पुढच्या भेटीला मी तिला चूल दिली. “तुमच्या हातचं खातो म्हनते तो.” तिनं अंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्यानं तीन खाल्ल्या. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं. भेटीनंतर दोन दिवस तो चिडायचा, वह्या फाडायचा. त्याचा अर्थ भेटी बंद करा असा नाही. एकदा तशी तक्रार घेऊन मीच ऑफिसात निघाले होते, बसस्टँडवरून परत आले.

पैसे

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. वेळेवर मिळतील असं धरू नका. आम्हाला पहिले पैसे सातव्या महिन्यात आले, सगळे एकदम. तोवर वही, बूट, दवाखाना, एसटी सगळं घरातून. जूनमध्ये बियाणं-खत आणि शाळा एकदम अंगावर येतात, कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे. तेवढी तुमची ऐपत आहे का ते आधी बघा. नसेल तर सध्या थांबा, त्यात कमीपणा नाही. खर्चाची वही ठेवा. आणि हे पैसे किती येतात ते गल्लीत सांगू नका, नाहीतर पोराच्या कानावर ‘तुह्यासाठी पैसे भेटतात त्याइले’ हे यायला आठवडा लागत नाही. आमच्याकडे चार दिवस लागले.

जाताना

परत जायचं ठरलं की मुलाला लगेच सांगा, आदल्या रात्री नाही. समितीला सांगून एकदोन मुक्काम आईकडे करून आणा. बरोबर द्यायची फाइल आपण तयार करायची: लसीकरण, रक्ताचा अहवाल, गोळ्यांची नावं, गुणपत्रिका, दाखला, आधार, बँकेचं पासबुक, समितीच्या आदेशाची प्रत. प्रत्येकाची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कोणता कागद कशाचा ते मी रंगीत धाग्यांनी बांधून दिलं, दवाखान्याचा लाल, शाळेचा हिरवा.

रडू आलं तर त्याच्यासमोर थोडं रडा, फार नको. आपल्याला सोडून जाणं हा त्याचा अपराध आहे असं त्याला वाटता कामा नये. यांनी त्या दिवशी बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढलं आणि अर्धा तास गोठ्यातच राहिले.

बहीणही त्याच आठवड्यात आईकडे गेली. समितीला विचारून फोनचं ठरवून घेतलंय, रविवारी संध्याकाळी. गेल्या रविवारी दोघांचं भांडण चाललं होतं. लाकडी बैलाचं एक शिंग तिनं मोडलं, असं त्याचं म्हणणं. ती मागून ओरडत होती की आधीच मोडलेलं होतं. त्यांची माय म्हणाली, तुम्ही फोन ठेवा ताई, मी पाहातो यायच्याकडे.